चोवीस नंबरची ट्रंक

मित्रांनो, निकाल आधीच सांगून टाकते. प्रदर्शन फार छान झाले, एकशे चाळीस माणसे आली, आणि त्या दिवसापासून लखनौतल्या एकाही मराठी घरात राजाराम भोईटे यांच्या हातचे एक अक्षरसुद्धा उरले नाही.

आता हे मी सांगितलेच नाही असे आपण सगळे धरून चालू. प्रदर्शन अजून व्हायचे आहे, अक्षरे जागच्या जागी आहेत आणि मी काळी आहे.

मी ट्रंक. लोखंडी पत्र्याची, तीन फूट लांब, दोन कड्या, एक कोयंडा. १९७१ साली बेळगावच्या कॅम्पात एका पत्रेवाल्याने मला ठोकून ठोकून जन्माला घातले. जन्माच्या वेळी फार आवाज झाला. तो सगळा माझाच होता. दुसऱ्याच दिवशी एकोणीस वर्षांच्या एका नव्या शिपायाने मला विकत घेतले. सातारा जिल्ह्यातून भरतीला आलेले हे राजाराम भोईटे. फौजेत बंदूक सगळ्यांनाच देतात. यांना वर एक ब्रशही दिला, कारण भरतीच्या फॉर्मवरचे त्यांचे अक्षर पाहून तिथला बाबू स्वतःचे लिहायचे थांबला होता. त्यांचा ट्रेड ठरला: पेंटर.

ज्यांच्या घरी फौजेची ट्रंक नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. अशा घरात दर दोन-तीन वर्षांनी बदलीचा हुकूम येतो. हुकूम आला की ट्रंकेवरचे जुने नाव-गाव काळ्या रंगाने पुसून टाकतात, आणि काळा वाळला की पांढऱ्याने नवे लिहितात. नंबर, हुद्दा, नाव, कुठून, कुठे. माझ्या अंगावर असे सात थर होते. सगळ्यात खाली 'सिपाही', सगळ्यात वर 'हवालदार'. राजारामांबरोबर माझीही बढती होत गेली, फक्त पगार त्यांना मिळाला.

पुसले जाण्याचे मला कधी वाईट वाटले नाही. काळा रंग लागला की मी डोळे मिटून पडायची, कारण दोन दिवसांनी तोच हात परत येणार हे माहीत असायचे. आधी खडूने माखलेला दोरा ताणून फट्‌कन सोडायचा, की पत्र्यावर सरळ रेघ. मग करंगळी टेकवायची, श्वास आत घ्यायचा आणि अक्षर पुरे होईपर्यंत सोडायचा नाही. 'राजाराम'ला चार श्वास लागत. एका कर्नलसाहेबांचे आडनाव लिहिताना त्यांना चक्कर आली होती. त्यांचा अनुस्वार गोल नसे, तांदळाच्या दाण्यासारखा जरा लांबट असे. कोणत्याही फलाटावर, दोनशे ट्रंकांच्या ढिगातून, तो दाणा पाहून माणसे आपापली ट्रंक ओढून काढत.

जालंधरला मला एका सरकारी खेचराने लाथ मारली. उजव्या बाजूला पोचा आला तो तेव्हाचा. खेचराची चौकशी झाली, माझी नाही.

१९९३ साली आम्ही लखनौला आलो आणि तेलीबागेत दोन खोल्या घेतल्या. लखनौत पाट्या रंगवणारे पुष्कळ आणि त्यांचा हातही झकास, पण ळ त्यांच्या ओळखीचा नव्हता. ते आमच्या शेजारच्या काळ्यांना काले करून पुण्याला धाडत. म्हणून छावणीतली, हवाई दलातली, बँकेतली, सगळी मराठी घरे ट्रंका घेऊन राजारामांकडे येऊ लागली. मोबदला एक चहा. कप भरलेला, बशीत सांडेपर्यंत.

युनिटमधल्या पाट्या नवा साहेब आला की नव्या होतात. ट्रंका मात्र घरोघर राहिल्या. म्हणजे त्यांचे लिहिलेले जे काही जगात टिकणार होते, ते आमच्याच अंगावर होते. हे आम्हाला माहीत होते. माणसांना नव्हते. माणसे ट्रंक वाचत नाहीत, फक्त उचलतात.

आता १९९६ सालचा ऑक्टोबर धरा. तीस नोव्हेंबरला राजाराम पेन्शनीत निघणार होते. त्यांची बायको सरोज घरावर पत्रे घालून घ्यायला आधीच गावी गेली होती. इथे उरले तिघे: राजाराम, बारावीतली मुलगी देविका आणि मी.

मराठी मंडळाने त्या वर्षी ठरवले की दिवाळी झाली की तरुण मुलांनी काहीतरी करावे. 'काहीतरी' म्हणजे काय ते मुलांनी ठरवावे, फक्त मोठ्यांना विचारून. मुलांची पहिली मीटिंग आमच्या घरी, माझ्यावर बसून झाली. तिघेच होते. गोमती नगरात राहणाऱ्या बँक मॅनेजरांची नेत्रा, ती कॉलेजात होती आणि एकदा दिल्लीला जाऊन खरेखुरे चित्रप्रदर्शन पाहून आली होती, त्यामुळे प्रमुख. हवाई दलातल्या वॉरंट ऑफिसरांचा आदेश, त्याला मराठी सगळे कळायचे पण तोंडातून हिंदीच निघायची. आणि आमची देविका.

"प्रदर्शनाचं नाव 'घरची कला'," नेत्रा म्हणाली. "प्रत्येक घरातून एक वस्तू. वस्तूखाली कार्ड. कार्डावर नंबर, नाव, कलाकृती. दिल्लीला अस्संच होतं."

"और जिसके घर में कला ना हो?" आदेशने विचारले.

"तुझ्या आईने फ्रिजला क्रोशाचं कव्हर केलंय ना? ती कला."

"वो तो फ्रिज का हैंडल चिपचिपा ना हो इसलिए है."

"लिहून घे देविका. नंबर एक. फ्रिजचं कव्हर."

यादी वाढत गेली. कापसाचा हंस. काडतुसांच्या टोप्यांचे विमान. थर्माकोलचा रायगड, एक बुरूज कमी, कारण तो कुत्र्याने खाल्ला होता. कुणा विश्वासकाकांनी तिकिटे चिकटवून केलेला भारताचा नकाशा, ज्यात मध्य प्रदेश पूर्ण हंगेरीचा होता. तेवीस वस्तू झाल्या आणि देविका म्हणाली, "चोवीस नंबरला आबांचं नाव लिहिते."

"काका काय देणारेत?"

"देतील काहीतरी."

"पण ते आर्टिस्ट कुठेत?" नेत्रा हे तोडून बोलली नाही. तिला खरेच प्रश्न पडला होता.

"पेंटर आहेत."

"पेंटर तो वो भी है," आदेश म्हणाला, "जो दीवार पे लिखता है, यहाँ गाड़ी खड़ी करना मना है."

"छावणीच्या गेटावरचं ते आबांनीच लिहिलंय. लोक थांबून वाचतात."

"गाड़ी भी वहीं खड़ी करते हैं."

देविका हसली नाही. ती माझ्या कडीशी चाळा करत म्हणाली, "सगळ्यांची नावं आबा लिहितात. युनिटच्या फलकावर सत्तावीस साहेबांची नावं आहेत, सगळी आबांच्या हातची. त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नाहीये. तीस तारखेला ते जाणार आणि युनिट त्यांना भिंतीवरचं घड्याळ देणार. मला एकदा, एकदाच, त्यांचं नाव कार्डावर पाहिजे. वर त्यांनी केलेलं काहीतरी, खाली त्यांचं नाव. बस."

नेत्राने चोवीस नंबरपुढे नाव लिहिले. 'कलाकृती' या रकान्यात तिने एक रेघ ओढून ठेवली.

त्यांचे नाव पाटीवर नव्हते, पण माझ्यावर होते. देविका त्यावरच बसली होती.

मित्रांनो, इथे एक गोष्ट मला सांगावी लागेल जी तेव्हा फक्त मला माहीत होती. दसऱ्याच्या आसपासची दुपार. देविका शाळेत. राजारामांनी ब्रश काढला, माझ्या झाकणावर कोपऱ्यात थोडी मोकळी जागा होती तिथे दोरा ताणला आणि करंगळी टेकवली. श्वास घेतला. 'रा' लिहायला गेले आणि रेघ अशी गेली, जशी खडबडीत रस्त्यावर रिक्षात बसून ओढावी. त्यांनी टर्पेंटाइनच्या फडक्याने ती पुसली. परत लिहिली. परत पुसली. सहा वेळा. मग उजवा हात डाव्या हातात धरून ते माझ्यासमोर बसून राहिले. उजवा हात डाव्याचे ऐकत नव्हता.

"हसतीस काय?" ते मला म्हणाले.

मी हसत नव्हते. माझी एक कडी सैल आहे.

त्या दिवसापासून हात खिशात गेला. ट्रंका घेऊन येणाऱ्यांना ते सांगू लागले, ब्रशचे केस गळाले. मग, रंग घट्ट झालाय. मग, या हवेत वाळत नाही. देविकाला म्हणाले, "पोरी, चहा अर्धा कपच देत जा. पित्त होतंय." अर्धा कप हलला तरी सांडत नाही. देविका रोज अर्धा कप चहा ठेवून प्रदर्शनाच्या कामाला पळायची, आणि जाताना विचारायची, "आबा, चोवीस नंबरचं काय?"

"बघू."

"काय बघू? काहीही लिहा. एक ओळ लिहा."

"बघू म्हटलं ना."

तिला वाटायचे, आबा लाजतायत.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हॉल मिळाला, चारबाग स्टेशनजवळचा, मंडळाचा नेहमीचा. वस्तू आल्या. आणि मग कळले की वस्तू ठेवायला काही नाही. दिल्लीला उंच स्टँड होते. इथे सतरंजी होती. कापसाचा हंस सतरंजीवर ठेवून पाहिला तर तो मेलेला वाटत होता.

"ट्रंका!" देविका म्हणाली. "प्रत्येक घरात एक तरी काळी ट्रंक आहे. उभी केली की झाला स्टँड."

कल्पना चांगली होती. ती वाईट आहे असे मी आजही म्हणणार नाही. दोन दिवसांत हातगाड्यांवरून चोवीस ट्रंका आल्या. नेत्राच्या आईने, पद्माकाकूंनी, गोधड्या काढून ट्रंक दिली आणि तीन दिवस त्या गोधड्या सोफ्यावर रचून त्यांच्यावर बसल्या. आमच्या घरची ट्रंक म्हणून मी गेले. चोवीस नंबर मलाच मिळाला.

हॉलमध्ये आम्ही चोवीसजणी उभ्या राहिलो तेव्हा काय झाले ते सांगते. आमच्या प्रत्येकीच्या अंगावर तीच अक्षरे. तोच ळ. तोच तांदळाचा दाणा. हुबळी, देवळाली, जालंधर, जोरहाट, नाशिक रोड. मी इतकी वर्षे एकटीने जे अंगावर बाळगले ते सगळ्या भिंतींना लागून उभे होते. राजाराम भोईट्यांचे प्रदर्शन गुरुवारी दुपारी चार वाजता लखनौत भरले. पाहायला कोणी नव्हते. तिघे होते, पण ते स्टँड मोजत होते.

"यार," आदेश दारात उभा राहून म्हणाला, "ये तो पार्सल ऑफिस लग रहा है."

"नजर अक्षरांकडेच जातेय," नेत्रा म्हणाली. ती अगदी बरोबर बोलत होती. "वस्तू दिसतच नाहीयेत. दिल्लीला सगळे स्टँड पांढरे होते. एकसारखे."

"तो पांढरे करूया," देविका म्हणाली.

"नावं जातील ना गं? लोक ओरडतील."

"त्यात काय? दर बदलीला जातातच की. सोमवारी आबा परत लिहून देतील. दोन दिवसांचं काम त्यांना."

मित्रांनो, ही चूक कुठल्याही दुसऱ्या मुलीने केली नसती. दुसऱ्या मुलीने ट्रंकेवरचे नाव पुसताना दोनदा विचार केला असता. पण देविका फौजीची मुलगी. जन्मल्यापासून तिने पाहिले होते की ट्रंकेवरचे नाव पुसतात आणि ते परत येते. सूर्य मावळला म्हणून तुम्ही रडता का?

त्या संध्याकाळी तिने घरी विचारले, "आबा, पांढरं एनॅमल आहे?"

त्यांच्याकडे चार लिटरचा डबा होता. पेन्शनीनंतर गावी फाट्यावर पाट्या रंगवायचे दुकान टाकायचे, त्यासाठी घेतलेला. आमच्यावरची सगळी अक्षरे त्याच जातीच्या रंगातली. ते डब्याकडे थोडा वेळ बघत राहिले. मग डाव्या हाताने उचलून त्यांनी तो दारात ठेवला.

"सगळा ने."

"सगळा? आणि तुमचं दुकान?"

"मला आता काय लागतोय? ने." मग म्हणाले, "पहिला हात पातळ दे. वाळल्यावर दुसरा. ब्रश एकाच दिशेने. रेघ दिसता कामा नये."

काय रंगवणार ते त्यांनी विचारले नाही. तिने सांगितले नाही. तिला वाटले, आबा किती मोठ्या मनाचे.

शुक्रवारी दुपारी पहिला हात लागला. मी काय करू शकत होते? मी माझी सैल कडी वाजवली. पत्र्याला तेवढेच बोलता येते. मी ती जोरजोरात वाजवली.

"इसमें तेल डालो," आदेश म्हणाला.

त्याने तेल घातले. त्यानंतर माझा आवाजही गेला.

पण पहिला हात पातळ होता. शनिवारी सकाळी दहाला देविकाने हॉल उघडला तेव्हा पांढऱ्यातून अक्षरे दिसत होती. काळा करडा झाला होता आणि त्यावर पांढरी अक्षरे जरा उठून आली होती, साय धरल्यासारखी. चोवीस ट्रंकांवर. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. 'हवालदार राजाराम' यावर तिने बोट फिरवले. मला वाटले, झाले. सुटलो आम्ही. तिने वाचले.

"अजून दिसतायत," ती मागे वळून म्हणाली. "दुसरा जरा जाड द्यावा लागेल."

दुपारी दीडला शेवटचा ब्रश उचलला. फार सुरेख काम झाले होते. कुठेही रेघ नव्हती.

रविवारी प्रदर्शन उघडले. ते मी आधी सांगितले नाही, आता सांगते: फार छान झाले. आमच्याकडे कोणी बघत नव्हते आणि वस्तू दिसत होत्या. फ्रिजच्या कव्हरसमोर एक सेवानिवृत्त मेजर दहा मिनिटे उभे राहिले. हंगेरीवरून थोडा वाद झाला. आदेशने छत्तीस फोटोंचा पूर्ण रोल संपवला, आणि त्या छत्तीसच्या छत्तीस फोटोंत आम्ही पांढऱ्या आहोत.

माझ्यावर काही नव्हते. फक्त कार्ड. नंबर चोवीस, राजाराम भोईटे, कलाकृती, आणि रेघ. देविकाने ते काढू दिले नव्हते. ती म्हणत होती, आबा येताना काहीतरी घेऊन येतील, मी ओळखते त्यांना. रिकामी जागा दिसली की माणसे तिथे कप ठेवतात. अकरा वाजेपर्यंत माझ्यावर सात कप, सात बश्या आणि अर्धी नानकटाई जमली होती.

साडेअकराला राजाराम आले. इस्त्रीचा कोट, उजवा हात खिशात. हातात काही नव्हते.

ते दारातच थांबले. लोक हंस बघत होते, विमान बघत होते. राजाराम त्याखाली बघत होते. एकेका ट्रंकेसमोर ते जात आणि डाव्या हाताचा तळवा तिच्या अंगावरून फिरवत, ज्या जागी नाव असते त्या जागी. देविका मागे मागे.

"हा हात कुणी दिला?" त्यांनी विचारले.

"मी. आदेश आणि नेत्रा होते, पण जास्त मीच."

"दोन दिले?"

"दोन. दुसरा जाड. अक्षरं दिसत होती ना."

त्यांनी तळवा परत एकदा फिरवला. "रेघ नाही राहिली कुठं," ते म्हणाले. "चांगला आलाय."

त्यांच्या तोंडून रंगाची स्तुती तिने आयुष्यात पहिल्यांदाच ऐकली होती. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "आणि आबा, उद्यापासून काम आहे हं तुम्हाला! सगळे नावं लिहून मागणार. चोवीस आहेत. आणि चोवीस नंबर अजून रिकामा आहे, बघा, तुमचं कार्ड..."

ती त्यांना माझ्यापाशी घेऊन आली. त्यांनी आपले नाव वाचले. छापील अक्षरात, कार्डावर. मग आधार हवा असतो तसा त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि माझ्यावर ठेवला.

सात कप वाजू लागले.

बारीक, एकसारखा आवाज, बश्यांवर चिनी मातीचा. जवळून रेल्वे जात असेल असे आधी सगळ्यांना वाटले, कारण चारबागला असे होते. लोक खिडकीकडे बघू लागले. रेल्वे नव्हती. देविकाने कपांकडे बघितले, मग हाताकडे. त्यांनी हात उचलला. आवाज थांबला.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"दसऱ्यापासून. राहू दे आता. लोक आहेत."

ती वळली आणि तिने हॉलभर एकदा नजर फिरवली. मी तिला मोजताना पाहिले. ओठ हलत होते. एक, दोन, तीन. चोवीसपर्यंत गेली आणि परत एकपासून सुरू झाली.

संध्याकाळी पाचला लोक गेले. वस्तू उतरवल्या. देविका टर्पेंटाइन, रंग खरवडायची पत्री आणि सँडपेपर घेऊन माझ्यासमोर बसली. वरचा पांढरा काढायचा, खालची अक्षरे ठेवायची. पण वरचा पांढरा त्यांच्याच डब्यातला, खालचाही त्यांच्याच हातचा. दोन्ही एकाच जातीचे, एकाच रंगाचे. कुठे तिची चूक संपते आणि कुठे त्यांचे अक्षर सुरू होते हे टर्पेंटाइनला कळत नव्हते. तळहाताएवढी जागा घासता घासता हवालदार गेला, नाईक गेला, सिपाही गेला. सात थर गेले आणि खाली नुसता पत्रा लागला, बेळगावचा, चकचकीत.

"बस कर, यार," आदेश म्हणाला. मग जरा थांबून, मला वाटते आयुष्यात पहिल्यांदा, मराठीत: "बस ना."

राजाराम दारापाशी खुर्चीवर होते. ते उठून आले आणि तिच्या हातातला सँडपेपर त्यांनी काढून घेतला. "दर बदलीला जातातच की," ते म्हणाले. त्यांनी तिचे आदल्या गुरुवारचे वाक्य ऐकलेले नव्हते. त्यांच्या घरात ते असेच बोलत असत, एवढेच.

सोमवारी सगळे ट्रंका न्यायला आले आणि कोणालाच आपली ओळखू येईना. चोवीस पांढऱ्या ट्रंका. मंडळातले जोशी वजनावरून ओळखायला गेले, पण सगळ्या रिकाम्या. विश्वासकाकांनी वास घेऊन पाहिला. पद्माकाकू माझ्यापाशी थांबल्या.

"ही माझी. हा पोचा मला माहितीये, झाशीला हमालाने पाडली होती."

मित्रांनो, तो खेचराचा होता. राजारामांना माहीत होते. त्या खेचराच्या चौकशीत ते साक्षीदार होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पोच्याकडे पाहिले, काकूंकडे पाहिले.

"न्या वहिनी," ते म्हणाले.

मला याचा राग आला नाही. पंचवीस वर्षांत ते कधी कुणाशी भांडले नव्हते. आता ट्रंकेसाठी कुठे सुरू करणार?

एक डिसेंबरला ते चारबागहून गेले. कुणाची तरी ट्रंक घेऊन. नेत्रा स्टेशनवर गेली होती, घरी येऊन तिने आईला सांगितले ते मी ऐकले. ट्रंकेवर देविकाने नाव लिहिले होते, पांढऱ्यावर काळ्याने. अक्षरे उतरत उतरत खाली गेलेली आणि शेवटचा 'टे' कोपऱ्यात चेंगरलेला. ती रडत होती, म्हणत होती, पुसते, परत लिहिते. काका म्हणाले, असू दे, वाचता येतंय. मग गाडी सुटेपर्यंत ते ट्रंकेवर बसून राहिले, नावावर मांडी घालून, कुणी पुसू नये म्हणून.

मी गोमती नगरात आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. पहिल्या वर्षी माझ्यात गोधड्या होत्या, मग आकाशकंदील, आता जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी. माझ्यावर कोथिंबिरीची कुंडी आहे. तिला पाणी घालतात, ते तळहाताएवढ्या उघड्या जागेवर ओघळते. तिथे गंज धरला आहे. बाकी पांढरा रंग उत्तम आहे. तीन वर्षे झाली, एक टवका उडालेला नाही. फार चांगला डबा होता.

मित्रांनो, तुम्ही प्रदर्शने भरवाल, भरवायलाच हवीत. फक्त वस्तू कशावर ठेवताय ते एकदा वाचून घ्या. आणि घरात कोणी अर्धा कप चहा मागू लागले तर का ते विचारा.

यापुढचे रीतसर लिहिते, कारण मी सरकारी घरात वाढले आहे.

प्रति,
जे कोणी अशी कामे पाहत असतील ते.

विषय: शनिवार, दिनांक २३ नोव्हेंबर १९९६, सकाळी दहा ते दुपारी दीड ही वेळ रद्द करण्याबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर वेळेत अर्जदारासह एकूण चोवीस ट्रंकांवर रंगाचा दुसरा हात देण्यात आला. पहिल्या हाताबाबत अर्जदाराची तक्रार नाही. त्यातून अक्षरे दिसत होती. तरी सदर साडेतीन तास रद्द समजण्यात यावेत आणि संबंधित मुलीस त्या वेळेत दुसरे काम नेमून देण्यात यावे. उदाहरणार्थ, घरी थांबणे. वडिलांसाठी चहा करणे. कप काठोकाठ भरून त्यांच्या उजव्या हातात देणे.

सोबत: गंजलेला पत्रा, तळहाताएवढा. (मूळ प्रत. काढून देता येत नाही, जागेवर येऊन पाहावी.)

आपली विश्वासू,
ट्रंक क्रमांक चोवीस
(नाव, हुद्दा व गाव: रंगाखाली)